‘फायनल नवीन (१)’ नक्की कुठली? क्लाउडवर फाइली ठेवताना या चुका टाळा

स्मरणिका छापखान्यात गेली त्या रात्री आमच्याकडे एकाच मनोगताच्या चार फाइली होत्या. एक ईमेलनं आलेली, एक व्हॉट्सॲपवर, एक पेन ड्राइव्हमध्ये आणि चौथी ‘मनोगत फायनल नवीन (१)’ नावाची. ही चौथी कुणी केली ते आजही कुणाला सांगता येत नाही. छापून आली ती व्हॉट्सॲपवरची, म्हणजे जुनी. शेवटच्या दोन दिवसांत वाढवलेली देणगीदारांची नावं तिच्यात नव्हती. गावातल्या एका आजोबांनी पाच हजार रुपये दिले होते. अंक हातात घेऊन ते मांडवात शेवटच्या रांगेत बसून पानं उलटत आपलं नाव शोधत होते, आणि ते मी लांबून बघत होतो.

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, गल्लोगल्ली गणपती मंडळं आहेत, महिलांचे संघ आहेत. या सगळ्यांचं कागदाचं काम आता मोबाईलवर चालतं. ते करणारी माणसं दिवसभर शेतात, दुकानात, कारखान्यात असतात आणि रात्री नऊनंतर बसतात. क्लाउड त्यांच्याच सोयीचा आहे, फक्त तो कसा चालतो हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. मी डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करतो आणि पाच-सहा मंडळांच्या फाइली सांभाळतो. रोज डोळ्यांसमोर ज्या चुका होतात, त्याच इथं लिहितोय.

क्लाउड म्हणजे तुमची फाइल कंपनीच्या सर्व्हरवर एका जागी असते. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर तुम्ही उघडता ती तीच फाइल, दुसरी प्रत नव्हे. गुगल ड्राइव्ह २०१२ पासून आहे आणि त्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी, ड्रॉपबॉक्समध्ये २ जीबी. अँड्रॉइड मोबाईल घेतला की गुगलचं खातं बहुधा काढलेलंच असतं, म्हणून पुढचं सगळं गुगल ड्राइव्ह धरून सांगतो.

फाइल पाठवत राहणं

‘‘मी कालच दुरुस्त करून पाठवलोय की ओ!’’ हे वाक्य मी दर हंगामात पन्नास वेळा ऐकतो. खरी अडचण त्या ‘पाठवलोय’मध्येच आहे. फाइल पाठवली की तिची दुसरी प्रत होते. समोरच्यानं ती डाउनलोड करून दुरुस्त केली की तिसरी होते. ड्राइव्हवर ठेवलेली फाइलसुद्धा लोक डाउनलोड करतात, मोबाईलमध्ये बदलतात आणि परत व्हॉट्सॲपवर टाकतात. मग ड्राइव्ह वापरून काय मिळालं?

फाइल जागेवर राहू द्या आणि फक्त लिंक पाठवा. सगळ्यांनी त्याच लिंकवरून आत जाऊन लिहायचं. दोघं एकाच वेळी लिहीत असतील तर दोघांचे कर्सर वेगळ्या रंगांत दिसतात, एकाचं दुसऱ्यानं पुसलं जात नाही. मजकुराबद्दल शंका असेल तर तो खोडू नका, त्या शब्दावर कमेंट टाका. आमचे एक निवृत्त गुरुजी आता अख्ख्या स्मरणिकेचं प्रूफ कमेंटमध्येच तपासतात. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि कुठला बदल कुणी सुचवला तेही समोर राहतं.

‘ज्याच्याकडे लिंक आहे तो कुणीही’

शेअर करताना दोन गोष्टी विचारल्या जातात: कुणाला आणि कितपत. व्ह्यूअरला फक्त वाचता येतं, कमेंटरला सुचवता येतं, एडिटरला बदलता येतं. घाईत लोक ‘लिंक असलेला कुणीही’ आणि ‘एडिटर’ ही जोडी निवडतात, कारण तेवढं केलं की ‘उघडंना’ म्हणून फोन येत नाहीत. ती लिंक तीनशे जणांच्या ग्रुपवर गेली की मग फाइलमध्ये अनोळखी प्राण्यांची चित्रं दिसायला लागतात. ते प्राणी म्हणजे साइन इन न करता आत आलेली माणसं. ती कोण, हे तुम्हाला कळत नाही.

निमंत्रणपत्रिकेचं एक वेळ ठीक आहे. पण कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या अर्जांसाठी बायकांचे आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक यांचे फोटो अशाच उघड्या फोल्डरमध्ये ठेवलेले मी पाहिलेत, आणि ते पाहून पोटात गोळा आला. ज्यांनी विश्वासानं कागद दिले त्या बायकांना याची कल्पनाही नव्हती. असे कागद फक्त दोन-तीन ठरलेल्या ईमेलना शेअर करा आणि काम झालं की काढून टाका. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या. स्वतःच्या कागदांसाठी सरकारी डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरतात. ड्राइव्हमधल्या फोटोला तो मान नाही.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जीमेल उघडतो आणि साइन आउट न करता निघतो, ही चूकही याच घरातली. असं झालं असेल तर घरी येऊन गुगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर ‘युअर डिव्हायसेस’ बघा. तिथून त्या कॉम्प्युटरवरचं खातं बंद करता येतं.

शीटमध्ये एकच रकाना सॉर्ट करणं

हे थोडं सावकाश सांगतो, कारण यात पैशाचा आणि अब्रूचा प्रश्न असतो.

आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी गुगल शीटमध्ये आहे. पावती नंबर, नाव, घर नंबर, रक्कम आणि कुणी गोळा केली, असे पाच रकाने. एका पोरानं चांगल्या मनानं ठरवलं की नावं अकारविल्हे लावू, म्हणजे शोधायला बरी. त्यानं नावांचाच रकाना निवडला आणि ‘सॉर्ट रेंज’ दाबलं. नावं सरळ रांगेत लागली, रकमा मात्र जिथल्या तिथं राहिल्या. कुणाच्याच नावापुढं कुणाचीच रक्कम खरी उरली नाही. बघणाऱ्याला यादी मात्र अगदी नीटनेटकी वाटत होती. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. ‘‘मी दोन हजार एक दिलोय, यादीत एकशे एक कसं काय ओ?’’

अशा वेळी हातानं दुरुस्त करायला बसू नका. कॉम्प्युटरवर शीट उघडा, ‘फाइल’ मेनूत ‘व्हर्जन हिस्टरी’ आणि त्यात ‘सी व्हर्जन हिस्टरी’. उजवीकडे तारीख-वेळेनुसार जुनी रूपं दिसतात, कुणी काय बदललं ते रंगात दिसतं. गोंधळ होण्याआधीचं रूप निवडून ‘रिस्टोअर’ करायचं. पण त्याआधी एक काम: गोंधळानंतर ज्या नव्या पावत्या भरल्या गेल्या, त्या वेगळ्या लिहून घ्या, कारण जुनं रूप आणलं की त्या ओळी पुढून जातात. आमच्याकडे अशा चौदा पावत्या होत्या. कागदी पावती पुस्तक शेजारी ठेवून त्या पुन्हा भरल्या. पुस्तक होतं म्हणून निभावलं. शीट आहे म्हणून पावती पुस्तक बंद करू नका.

सॉर्ट करायचंच असेल तर आधी वरची मथळ्याची ओळ ‘फ्रीझ’ करा आणि ‘सॉर्ट शीट’ वापरा, म्हणजे अख्खी ओळ एकत्र हलते. त्याहून बरं म्हणजे ‘फिल्टर व्ह्यू’: प्रत्येकाला आपापल्या पद्धतीनं यादी लावून बघता येते, मूळ यादी हलत नाही. रकमेचा रकाना ‘प्रोटेक्ट’ करून फक्त खजिनदाराच्या हातात ठेवता येतो. आमचा आता तसा आहे.

बेळगाव तीन नावांनी, मजकूर दोन लिप्यांत

आपल्या भागातली ही खास अडचण. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदांवर एक इंग्रजी स्पेलिंग आणि नव्यांवर दुसरं. घरात आपण बेळगाव म्हणतो. तहसीलदार कचेरीतून आलेला कागद कन्नडमध्ये. मग फाइलला नाव देणारा ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत नाव देतो, आणि शोधणारा वेगळ्याच भाषेत शोधतो. देवनागरीत ‘खानापूर’ लिहून शोधलं तर इंग्रजी किंवा कन्नड नावाची फाइल वर येईल याचा भरवसा नाही. फाइल तिथंच असते, पण सगळे म्हणतात हरवली.

एक रीत ठरवा आणि ती फोल्डरमध्येच एका छोट्या फाइलीत लिहून ठेवा. आम्ही आधी तारीख लिहितो, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मग गाव, मग विषय: ‘२०२४-१२-०८ उचगाव निबंध निकाल’. वर्ष पुढं असलं की फाइली आपोआप क्रमानं लागतात. कन्नड कागदाच्या नावातही मराठीत दोन शब्द घालतो.

दुसरी तक्रार फॉन्टची. ‘‘सर, लेख उघडलाय पण सगळं चिनी दिसायलंय.’’ जुने लेख श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात, कन्नड मजकूर नुडी या जुन्या कन्नड फॉन्टमध्ये. या जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वरून फक्त देवनागरीचा किंवा कन्नडचा आकार चढवलेला. ड्राइव्हवर तो फॉन्ट नसतो, म्हणून खालचा इंग्रजी पालापाचोळा दिसतो. फाइल बिघडलेली नाही, पुसू नका. युनिकोड म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं; मजकूर युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि मग रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व इकार डोळ्यांत तेल घालून तपासा, कारण कन्व्हर्टर नेमका तिथंच अडखळतो. लेखकांकडून मूळ फाइलीबरोबर पीडीएफही मागून घ्या, म्हणजे ताडून बघता येतं. नवीन सगळं मात्र युनिकोडमध्येच टाइप करा.

जागा भरली की

ती १५ जीबी जागा फक्त ड्राइव्हची नाही. जीमेल, गुगल फोटोज आणि ड्राइव्ह मिळून तेवढी आहे. १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये नव्यानं चढवलेले फोटोही त्यात धरतात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्यातच मोजतात. विसर्जन मिरवणुकीचे दहा-बारा लांब व्हिडिओ चढवले की जागा संपते, आणि मग ईमेल यायचाही बंद होतो. ड्राइव्हमध्ये ‘स्टोरेज’वर गेलात की सगळ्यात मोठ्या फाइली वर दिसतात, तिथून आवरा. ट्रॅशमधल्या फाइली ३० दिवस राहतात आणि तोवर जागाही खातात.

इथं एक सावधगिरी. गुगल फोटोजच्या ॲपमध्ये फोटो ‘डिलीट’ केला की तो क्लाउडवरूनही जातो. फक्त मोबाईलमधली जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वेगळा आहे. कॉम्प्युटरवर सिंक होणाऱ्या, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरचंही तसंच: इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं. म्हणून सिंकला बॅकअप समजू नका. कार्यक्रम संपला की अख्खं फोल्डर एकदा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं जाणार असाल तर लागणारी फाइल बेळगावातच ‘अव्हेलेबल ऑफलाइन’ करून निघा. तिकडं पोचल्यावर आठवून उपयोग नाही, वीज आणि रेंज दोन्ही जातात.

फोल्डर कुणाच्या नावावर आहे?

मंडळाचं फोल्डर बहुतेक वेळा एखाद्या हुशार पोराच्या खासगी खात्यावर असतं. पोरगं नोकरीला पुण्याला जातं. आमच्या एका पोराची जागा भरली, म्हणून त्यानं ‘जुनं काहीतरी’ पुसलं. त्यात मंडळाचा सात वर्षांचा हिशेब होता. कुणाला पत्ता नाही. एकानं सहज लिंक उघडून बघितली तेव्हा कळलं. तो तेविसावा दिवस होता, म्हणून ट्रॅशमधून परत मिळालं.

त्यानंतर आम्ही मंडळाच्या नावानं खातं काढलं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, लावलं, रिकव्हरीचा फोन अध्यक्षांचा आणि रिकव्हरीचा ईमेल सचिवांचा ठेवला. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं, म्हणून वर्षातून दोनदा कुणी तरी साइन इन करायचं तेही ठरवलं. मग मालकी बदलायला घेतली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. फोल्डरची मालकी बदलली तरी आतल्या फाइलींची बदलत नाही. ज्यानं जी फाइल केली तिचा मालक तोच राहतो. प्रत्येक फाइलीला शेअरमध्ये जाऊन मालकी सोपवायची, आणि समोरच्यानं ती स्वीकारेपर्यंत जुन्याचंच नाव राहतं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं बसून एकेका फाइलीचा मालक तपासत होतो. बहुतेक फाइली मंडळाच्या खात्यावर आल्या. अकरा अजून दुबईत असलेल्या एकाच्या नावावर आहेत. तो ड्यूटीवरून रात्री उशिरा सुटतो, शुक्रवारी सुट्टी आहे तेव्हा करतो म्हणालाय.