ठराविक साइटच स्लो उघडतात? मग आधी या चुका टाळा

"नेट स्लो आहे" असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळंच स्लो आहे का ठराविक साइट? बहुतेकांनी हे बघितलेलंच नसतं. नीट विचारलं की कळतं, यूट्यूब झकास चालतंय, व्हॉट्सअॅप वेब चालतंय, फक्त दोन-तीन साइट गोल गोल फिरत बसतात. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधं पण वेगळी आहेत. सध्या नाशकात नेट जरा अडखळलं की सगळे रस्त्याच्या खोदकामाला नावं ठेवतात, पण केबल तुटली तर सगळंच बंद पडेल ना, ती केबल काय साइट निवडून अडवत नाही.

चूक: स्पीड टेस्ट करून निकाल देणे

स्पीड टेस्ट ही साधारणपणे तुमच्या जवळच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते. १०० एमबीपीएस आले म्हणजे तुमच्या घरापासून तिथपर्यंत रस्ता मोकळा आहे, एवढंच. जी साइट अडतेय तिच्या वाटेवर काय चाललंय हे त्यात कुठेच दिसत नाही. तरी लोक टेस्ट करतात, आकडा कमी वाटला की मोठा प्लॅन घेतात, आणि साइट जिथल्या तिथे अडलेलीच राहते.

चूक: "मोबाईलवर तर उघडतंय की"

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नाशकातल्या कॅनडा कॉर्नरला एक टॅक्स कन्सल्टंट आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर एका बँकेची साइट आणि कामाचं एक पोर्टल, एवढंच उघडत नव्हतं. टॅबवर नुसतं चाक फिरायचं, खाली "सुरक्षित कनेक्शन जोडत आहे" अशा अर्थाची ओळ यायची आणि तिथेच थांबायची. मोबाईलवर तेच सगळं पटकन उघडायचं, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की लॅपटॉपच खराब. भाच्याने उत्साहात लॅपटॉप फॉरमॅट मारला. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता हे नशीब, पण डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर गेला, प्रिंटर गेला, सेव्ह केलेले पासवर्ड गेले, रिटर्न भरायची शेवटची तारीख डोक्यावर, आणि त्या दोन साइट तशाच अडलेल्या.

मी गेलो तेव्हा आधी त्यांचा मोबाईल हातात घेतला. वाय-फाय बंद होतं, फोन चालला होता ५जी वर! म्हणजे तुलना केली ती दोन वेगळ्या नेटची, आणि दोष दिला लॅपटॉपला. मोबाईल ऑफिसच्या वाय-फायला जोडला तर त्याच्यावरही तेच चाक फिरायला लागलं. मग लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेतला, दोन्ही साइट झटक्यात उघडल्या. लॅपटॉप निर्दोष, गडबड ऑफिसच्या लाइनमध्ये किंवा राउटरमध्ये. काही दिवस आधीच नेटवाल्यांनी राउटर बदलून दिला होता, हे तेव्हा कुठे बोलण्यात आलं.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि पिंग लावला (म्हणजे समोरच्या सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का बघायचं), पण पॅकेटचे, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याचे, तुकडे करू नको असं सांगून (डॅश एफ) आणि साइज ठरवून (डॅश एल). १.१.१.१ या नेटवरच्या सर्व्हरला १४७२ बाइट साइजने उत्तरच येईना. कमी करत करत १४६४ ला लगेच उत्तर. यात हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचे, २८ मिळवले की १४९२ होतात, आणि इथेच खरी गोम होती. साधं इथरनेट एका पॅकेटमध्ये १५०० बाइट नेतं, पण यूजरनेम-पासवर्डने जोडणारी पीपीपीओई लाइन असेल तर त्यातले ८ बाइट तिच्या स्वतःच्या हेडरला लागतात, उरतात १४९२. नव्या राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) पानावर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त साइज, १५०० ठेवला होता. म्हणजे कॅरेट रचून उंच झालेला ट्रक कमी उंचीच्या पुलाखाली आला की अडतो, रिकामी गाडी मात्र आरामात जाते, तसं. छोटी पॅकेट जात होती म्हणून साइटशी बोलणं सुरू व्हायचं, पण साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटसारखी मोठी वस्तू आली की पॅकेट वाटेतच गायब.

मग सगळ्याच साइट का नाही अडल्या? वाटेतला राउटर खरं तर साइटला निरोप पाठवतो की पॅकेट मोठं आहे, छोटं कर. ज्या साइटच्या फायरवॉलने असे निरोप सरसकट बंद केलेत तिला ते कळतच नाही, ती तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत राहते. बऱ्याच मोठ्या कंपन्या आधीच छोटी पॅकेट पाठवतात किंवा अडलंय हे ओळखून साइज कमी करतात, म्हणून यूट्यूब कधी अडत नाही.

एमटीयू १४९२ केला, राउटर रीस्टार्ट केला, काम झालं. एका रकान्यातला आकडा, आणि त्यापायी अख्खा लॅपटॉप पुसला!

म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा: तोच लॅपटॉप दुसऱ्या नेटवर, आणि त्याच नेटवर दुसरं यंत्र. पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं द्यायची ज्यांची तयारी नसते तेच नंतर दोन दिवस घालवतात.

चूक: डीएनएस बदलला की सगळं पळतं असं समजणे

कुठल्या तरी व्हिडिओत बघून ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस टाकतात आणि मग सगळ्यांना सांगत सुटतात. डीएनएसचं काम फक्त नावावरून पत्ता शोधणं, तेही एकदा, पुढे काही काळ तो पत्ता लक्षात ठेवला जातो. पान उतरवायचा वेग त्याने वाढत नाही. तुमच्या नेटवाल्याचा डीएनएस खरंच रखडत असेल तर फरक पडतो, तेव्हा जरूर बदला. पण लॅपटॉपमध्ये पत्ता कायमचा टाकून विसरायचं आणि मग अंबडच्या कंपनीत गेल्यावर ऑफिसची आतली साइट सापडत नाही म्हणून आयटीवाल्याशी भांडायचं, हे बंद करा. बदलायचाच असेल तर घरच्या राउटरमध्ये बदला.

चूक: एफ१२ ला घाबरणे

प्रोग्रामर लोकांचं काम म्हणून कुणी बघत नाही, आणि उत्तर तिथेच असतं. क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब, मग पान रीलोड करा. जी ओळ सगळ्यात लांब ताणली गेलीय तिच्यावर क्लिक करून टायमिंग बघा. डीएनएस लुकअप लांब असेल तर डीएनएस. इनिशियल कनेक्शनला वेळ जात असेल तर लाइन, राउटर किंवा मोडकं आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत). वेटिंग लांब असेल तर बहुतेक वेळा तिकडचा सर्व्हरच दमलाय, तुम्ही इकडे डोकं आपटून उपयोग नाही. कंटेंट डाउनलोड लांब असेल तर पान जड आहे किंवा तुमची लाइन बारीक.

कधी कधी साइट चांगली असते पण तिच्यात तिसऱ्याच कुणाचा फाँट नाहीतर जाहिरातीचा कोड असतो, तो येईपर्यंत पान पांढरंफटक. यादीत ती एकच ओळ पेंडिंग म्हणून लटकलेली दिसते. असं दिसलं तर तुमचं अॅडब्लॉकर किंवा जाहिराती अडवणारा डीएनएस बंद करून एकदा बघा.

बाकीच्या, पटपट

एक्स्टेन्शन: इन्कॉग्निटोमध्ये साइट पळत असेल तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या कुकीजचा. एकेक बंद करून बघा, सगळी एकदम काढू नका, नाहीतर दोषी कोण ते कळणारच नाही.

फुकटचं व्हीपीएन: काढा. बऱ्याच साइट असे पत्ते संशयाने बघतात आणि तपासणी लावत बसतात. काढल्यावर विंडोजच्या प्रॉक्सीच्या (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवायच्या सेटिंगच्या) पानावर त्याचा जुना पत्ता राहिलाय का तेही बघा.

अँटीव्हायरस: त्याचं एचटीटीपीएस स्कॅनिंग (सुरक्षित साइटची माहिती मध्ये थांबवून तपासणं) थोडा वेळ बंद करून तीच साइट उघडा, फरक दिसला तर त्या साइटला अपवाद द्या आणि स्कॅनिंग परत चालू करा.

क्लीनर आणि बूस्टर: एकही नको. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर अजिबातच नको, ते होस्ट्स फाइलमध्ये (लॅपटॉपमधली साइटच्या पत्त्यांची यादी) काय लिहून ठेवतं ते वर्षभराने कळतं.

चार जीबी रॅम आणि चाळीस टॅब: शिफ्ट आणि एस्केप दाबा, क्रोमचं स्वतःचं टास्क मॅनेजर उघडेल, कुठला टॅब मेमरी खातोय ते तिथे दिसेल.

आणि नेटवाल्याला फोन करताना नुसतं "स्लो आहे" म्हणू नका, तो राउटर बंद-चालू करायला सांगून ठेवून देईल. साइटचं नाव, वेळ, हॉटस्पॉटवर उघडते आणि तुमच्या लाइनवर नाही हे, पिंग किती साइजला अडला तो आकडा आणि एफ१२ चा स्क्रीनशॉट, एवढं व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि तक्रार नंबर मागून घ्या.