पोरगं नेव्हीत निघालं? ट्रेनिंगच्या काळात आई-बापानं काय करायचं

आपल्या खान्देशात फौजी घरं काही कमी नाहीत, पण बहुतेक आर्मीवाले, नाहीतर एसआरपी, पोलीस. नेव्ही म्हटलं की अजून गल्लीत विचारतात, "म्हणजे जहाजावर का?" समुद्राशी आपला संबंध नाही, तापीला नाहीतर गिरणेला पूर आला की तेवढंच काय ते पाणी बघायचं. माझी पोरगी नेव्हीत अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या भरतीत, ट्रेनिंग करून आली आणि तेव्हापासून अमळनेर, पारोळा, शिरपूरकडून कुणाचा ना कुणाचा फोन असतोच, ताई आमच्या पोराचं ट्रेनिंगला बोलावल्याचं लेटर आलं आता काय करायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ट्रेनिंग पोरगं करेल आणि नेव्ही करवून घेईल, त्यात आपला काही हात नाही. आपलं काम एवढंच की घरातली टेन्शनं, घरातल्या अपेक्षा त्याच्या पाठीवर जाऊ द्यायच्या नाहीत, तिथं त्याच्या पाठीवर आधीच भरपूर असतं.

लेटर आलं की आधी कागदं, डीजे नंतर

दहावी-बारावीची मार्कशीट, डोमिसाइल, जातीचा दाखला, आधार, पॅन, पोलीस व्हेरिफिकेशन, अविवाहित असल्याचा दाखला, जे जे लेटरमध्ये लिहिलंय ते तसंच्या तसं. आपल्याकडे घोळ कुठं होतो तर नावात. मार्कशीटवर बापाचं नाव एक, आधारवर दुसरंच, कुठं "भाऊ" जोडलेलं तर कुठं "सिंग" गायब, स्पेलिंग तर विचारूच नका. हे लेटर यायच्या आधीच दुरुस्त करून ठेवा, कारण तहसीलला आणि आधार सेंटरला किती चकरा होतात ते तुम्हाला माहितीच आहे. अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून घेतात, त्यामुळं पोरगं अठराच्या आत असेल तर आई-बापाची सही लागते, तेव्हा वडील कामासाठी सुरत-नाशिकला असतील तर त्यांना वेळेत बोलवून घ्या. सगळ्याचे झेरॉक्सचे दोन सेट, एक त्याच्याकडे आणि एक घरी, आणि मोबाइलमध्ये फोटो.

आता डीजेचं. अग्निवीरांचं सुरुवातीचं ट्रेनिंग ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नेव्हीच्या तळावर होतं, खुर्दा जिल्ह्यात, चिल्का सरोवराच्या काठाला. शेवटचं मेडिकलही तिथंच होतं. म्हणजे इथून पोरगं निघालं तरी ते अजून पक्कं लागलेलं नसतं. आणि आपण काय करतो, चौकात बॅनर, "भावी नौसैनिक", खाली सतरा जणांचे फोटो, अकॅडमीवाल्याचा सत्कार, गुलाल. मग मेडिकलमध्ये काही निघालं तर ते पोरगं गावात यायला लाजतं, मामाकडे जाऊन राहतं. मिरवणूक ट्रेनिंग संपल्याची पासिंग आउट परेड झाल्यावर काढा ना, तेव्हा कुणी अडवणार नाही.

मेडिकलला जायच्या आधी दोन साधी कामं आहेत, नेव्हीच्या जाहिरातीतच लिहिलेली असतात पण वाचतं कोण. कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्यायचा आणि दातांवरचं किटण साफ करून घ्यायचं. टॅटूचंही बघा. कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी अंगावर नाही. आपल्याकडे नंदुरबार, धडगाव भागातल्या आदिवासी पोरापोरींच्या अंगावर रीतीनुसार गोंदलेलं असतं, त्या जमातींना सूट असते, घाबरून लेसरबिसर करायला जाऊ नका.

जायच्या आधी घरी काय करून घ्यायचं

पळण्याची तयारी अकॅडमीत होते, ती सांगायला नको. राहतं ते पोहणं. चिल्काला पोहायला शिकवतात, न येणाऱ्यालाही शिकवतात, पण पाण्याची भीती घेऊन गेलेल्या पोराचे पहिले दिवस फार जड जातात. आपली पोरं विहिरीवर पाठीला डबा बांधून शिकलेली असतात तर त्यांना निदान डोकं पाण्याखाली घालायची सवय असते. पोरींचं मात्र अवघड, त्यांना विहिरीवर कोण जाऊ देतं. त्यामुळं पोरगी असेल तर जळगाव-धुळ्यात जिथं जमेल तिथं महिनाभर तलाव लावा. स्टाइल वगैरे नंतर, नुसतं तरंगता आलं आणि उंचावरून उडी मारायची धडकी गेली तरी पुष्कळ.

दुसरं पाय. दिवसभर बूट, परेड, पळणं. नखं नीट कापायची, मोजे रोज धुवायचे, फोड आला तर फोडायचा नाही. आणि कपडे स्वतः धुणं, इस्त्री, बटण लावणं, बेडशीट ताणून घालणं हे जायच्या आधी महिनाभर स्वतःचं स्वतः करू द्या. आमच्याकडे तर पोरांना पाण्याचा ग्लास हातात द्यायची पद्धत, आई म्हणून आपल्याला जीवावर येतं, पण द्यायचा नाही.

बॅगेत लेटरमध्ये सांगितलंय तेवढंच. लाडू, चिवडा, केळीचे वेफर्स प्रवासापुरते द्या, दहा किलोचा डबा देऊ नका.

गाडीचं सांगते. अहमदाबाद-पुरी एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत खुर्दा रोडला जाते, आपल्याला सोयीची आहे. एक दिवस एक रात्र तरी प्रवास धरा. कुठं उतरून कुठं रिपोर्ट करायचं ते लेटरवरचंच ऐकायचं. आणि स्टेशनवर सोडायला दोघं-तिघं जा, जीप भरून नको. रडायचं असेल तर रडा, पण गाडी हलल्यावर.

पहिले पंधरा दिवस

फोन येणार नाही. आला तर अर्ध्या मिनिटाचा, "पोचलो, बरं आहे, ठेवतो". ट्रेनिंगमध्ये मोबाइल हातात नसतो, वेळ ठरवून देतात तेव्हाच बोलता येतं. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच समजावून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवसापासून आजी जेवायची बंद होते आणि मग सगळं घर हादरतं. फोन नाही म्हणजे ते रुटीनला लागलं. सुरुवातीचं ट्रेनिंग साधारण १६ आठवड्यांचं असतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओडिशाच्या किनाऱ्याला चक्रीवादळं येतात, तेव्हा बातम्या बघून लगेच घाबरू नका, रेंज जाऊ शकते.

काहीजण इकडून तिकडून नंबर मिळवून ऑफिसला फोन लावत बसतात. नका लावू. नेव्हीत प्रत्येक पोरावर एक डिव्हिजनल ऑफिसर असतो, पोराची अडचण, घरची अडचण, सगळं त्याच्यामार्फत चालतं. पोराचा पहिला नीट फोन आला की त्याला विचारून या ऑफिसरचं नाव आणि अर्जंट वेळी कळवायचा नंबर घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि तो खरोखर अर्जंट असेल तेव्हाच वापरा.

फोनवर काय बोलायचं

सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. आठवड्याने पोराला दहा मिनिटं मिळतात आणि आपण काय करतो, फोन स्पीकरवर टाकतो, सगळी गल्ली गोळा, आजी ओरडते "जेवनी का व माय, काय खादं?", काका विचारतो पगार झाला का, आणि पोरीला जे सांगायचं होतं ते राहूनच जातं. एकदा एकानेच बोलायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. आणि पहिले दोन मिनिटं आपण काहीच विचारायचं नाही, तिला बोलू द्यायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक फोन हमखास असा येतो, "मम्मी मला नाही जमणार, मी परत येते." माझ्या पोरीचा पूलच्या उडीवरून आला होता, सगळ्या मारतात आणि ही काठावर उभी. अशा वेळी "ये बाई घरी" पण म्हणायचं नाही आणि "लोक काय म्हणतील" हे तर अजिबात नाही. मी विचारलं, उस्ताद, म्हणजे शिकवणारे, काय म्हणाले? तर म्हणे संध्याकाळी परत बोलावलंय शिकवायला. म्हटलं मग संध्याकाळी जा, रविवारी मला सांग काय झालं. बस. पुढच्या रविवारपर्यंतचंच बोलायचं, चार वर्षांचं बोलायचं नाही. आणि खरंच पुढच्या फोनला ती उडीचं बोललीच नाही, मेसमधल्या भाताचं गाऱ्हाणं करत होती, ओडिशात भात आणि हिला हवी कळण्याची भाकरी.

दुखणं मात्र वेगळं. नडगी दुखते, गुडघा सुजलाय, ताप आहे असं म्हणालं तर "सहन कर, सांगू नको, घरी पाठवून देतील" हा सल्ला आपले लोक सर्रास देतात आणि हाच सगळ्यात वाईट. पळून पळून हाडाला बारीक चीर पडू शकते, लपवून पळत राहिलं तर ती वाढते आणि मग महिनोन्‌महिने जातात. सिक बेला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जाऊन दाखव, हेच सांगायचं. एखाद्या वेळी मागच्या बॅचला टाकतात, तर टाकू दे.

पोरगं सारखंच गप्प राहत असेल, झोप नाही, जेवण नाही, जगण्याचंच नकोसं झाल्यासारखं काही बोललं, तर मात्र रविवारची वाट बघू नका. त्या कॅलेंडरवरच्या नंबरला त्याच दिवशी फोन करा आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगा.

घरची बातमी सांगायची की नाही? कापसाला भाव नाही, गारपिटीत केळी झोपली, बोअर आटला, हे सांगून ते तिथं काय करणार, रात्रभर जागणार. ते परेडनंतर. पण आबा दवाखान्यात ॲडमिट आहेत, किंवा घरात कुणी गेलं, तर लपवू नका. नंतर कळलं की पोरगं आयुष्यभर धरून बसतं. ते आधी डिव्हिजनल ऑफिसरला कळवा, हॉस्पिटलचे कागद तयार ठेवा, सुट्टी मिळते की नाही ते तिथले ठरवतील.

पैसे, पाहुणे आणि स्थळं

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा जाहीर केलेले आकडे असे. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० चं पॅकेज, त्यातले ३० टक्के म्हणजे ९,००० सेवानिधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,००० आणि हातात २८,०००. चार वर्षांत पोराचे कापलेले साधारण ५ लाख २ हजार, तेवढेच सरकारचे, वर व्याज, हे शेवटी एकरकमी मिळतात आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही. पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही. ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता पोराकडून घेत नाहीत.

हे घरात सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगा, कारण लेटर आलं की भावाला बुलेट दिसायला लागते आणि बापाला सोसायटीचं कर्ज. पहिलं वर्षभर त्याच्या पगाराकडे बघूच नका, खातं त्याचं, एटीएम त्याचं. पिन आपल्याकडे ठेवून घेणारेही मी पाहिलेत.

स्थळं तर अशी येतात की विचारू नका. अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही, केलं तर नोकरी जाते. साखरपुडा उरकून घेऊ, असं म्हणणाऱ्या आत्याबाईंनाही हात जोडा, कारण पोराच्या डोक्यात मग तेच चालू राहतं.

आणि फसवणूक. "तुमच्या पोराला ॲक्सिडेंट झालाय, ट्रेनिंगमधून काढतायत, पैसे टाका," असे फोन येतात. ज्या घरानं पोराचा फोटो, बॅच, ठिकाण सगळं फेसबुकवर टाकलंय त्यांचा नंबर आयताच सापडतो. पैसे टाकायचे नाहीत, ओटीपी द्यायचा नाही, कॅलेंडरवरच्या नंबरवर खात्री करायची. युनिफॉर्ममधले फोटो, आतले फोटो स्टेटसला नकोत, पोरानं पाठवले तरी.

परेड

पासिंग आउट परेडला आई-बापाला बोलावतात, शक्य असेल तर जाच. अग्निवीरांच्या पहिल्या बॅचची परेड २८ मार्च २०२३ ला चिल्काला झाली, सूर्य मावळल्यावर, दिव्यांच्या उजेडात, साधारण २६०० अग्निवीर आणि त्यात २७३ पोरी. नेव्हीत पोरींची खलाशी म्हणून भरती या अग्निपथपासूनच सुरू झाली, तेव्हा पोरगी आहे म्हणून जे नातेवाईक नाकं मुरडतात त्यांना हा आकडा सांगा.

तारीख पक्की कळली की त्याच दिवशी जायचं-यायचं दोन्ही रिझर्वेशन करा. आधारचं ओरिजिनल सोबत. नावं कळवलेली असतील तेवढेच जा, ऐनवेळी साडू आणि त्याची दोन पोरं घेऊन गेटवर उभं राहू नका. राहायला बालुगाव जवळ पडतं, तिथून बोटीनं सरोवरातल्या कालीजाईचं दर्शन होतं, आणि पुरी पण करून घ्या, एवढ्या लांब परत कधी जाणार. पोरगं काळं पडलेलं, बारीक झालेलं असेल, केस बारीक. त्याच्या मित्रांसमोर "काय हाल केले रे माझ्या लेकराचे" असं सुरू करू नका.

परेडनंतर

पुढचं ट्रेनिंग ट्रेडप्रमाणे, म्हणजे मिळालेल्या कामाप्रमाणे, वेगवेगळ्या ठिकाणी होतं, इंजिनवाले लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, इलेक्ट्रिकलवाले जामनगरला आयएनएस वलसुरा, स्वयंपाक-स्टोअरवाले मालाडला आयएनएस हमला. त्यानंतर जहाज. जहाज समुद्रात असलं की फोन लागतच नाही, आणि कुठं आहे, कधी येणार हे विचारायचंही नाही, पोरानं सांगितलं तरी गावात बोलायचं नाही.

सुट्टीत घरी आलं की पहिले दोन दिवस झोपू द्या. भरीत, शेवभाजी करा, पण सत्कार समारंभ आणि शाळेत भाषण लगेच लावू नका. निवांत बसलं की एक विषय मात्र काढा, शिक्षणाचा. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्केच पुढे कायम होतात, बाकीचे घरी येणार. अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची डिग्री आहे, त्यात ट्रेनिंगचे निम्मे क्रेडिट धरतात, आणि दहावीवर लागलेल्यांना एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून बारावीचं सर्टिफिकेट घेता येतं. पहिल्याच वर्षी नाव घालायला सांगा, त्याची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला घरच्या फाइलमधून काढून सुट्टी संपायच्या आत स्कॅन करून द्या.