मंगळवारच्या इंटरव्हलची तयारी

मंगळवारी पहाटे इंटरव्हल, म्हणजे आलटून-पालटून जोरात पळणं आणि विश्रांती, असतील तर सोमवारी रात्रीच लिहून ठेवा: किती मीटर, किती रेप (जोरात पळायचे टप्पे) आणि दोन रेपच्या मध्ये किती विश्रांती. समजा ४०० मीटरचे आठ रेप, मध्ये ९० सेकंद सावकाश जॉग. विश्रांतीचा आकडा बहुतेकांचा मोघम राहतो आणि सगळा वर्कआउट तिथेच बिघडतो. १९३० च्या दशकात जर्मन प्रशिक्षक गेर्शलर रेपनंतर धावपटूची नाडी मिनिटाला १२० ठोक्यांवर उतरायची वाट बघत. ९० सेकंदांत उतरली नाही, तर रेप झेपत नाही असं धरत. हे आपल्यालाही जमतं. मानेवर दोन बोटं ठेवून १० सेकंद ठोके मोजा. २० किंवा कमी भरले की निघा. उतरतच नसतील तर उरलेले रेप सोडून द्या, त्यात काही कमीपणा नाही.

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, तिथे वॉर्मअप उरका. रेपसाठी मोजलेलं मोकळं अंतर शोधा. डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी चांगलीच बोचते, म्हणून आधी १५ मिनिटं हलका जॉग, मग ८० मीटरच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे झरझर पण जोर न लावता. पहिला आणि शेवटचा रेप दोन-तीन सेकंदांच्या फरकात बसवा. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं ब्राँझ जिंकलं, ती शर्यत २५ फेऱ्यांची असते. पहिल्याच फेरीत जीव काढून तिथे भागत नाही.

पिशवीत कोरडा टी-शर्ट, पाणी, केळी आणि शेंगदाण्याची चिक्की हवीच. दहा मिनिटं कूलडाऊन झाल्यावर आधी टी-शर्ट बदला, मग खा. घरी जाऊन दूध किंवा अंडी. झोप मात्र पुरती घ्या. स्नायू रगडायच्या फोम रोलरने बरं वाटतं, पण तो झोपेची जागा घेत नाही. बुधवारी गप्पा मारता येतील इतकंच हळू पळा, पुढचा जोरदार वर्कआउट गुरुवारच्या आधी नको. पळण्याआधी पेनकिलर तर अजिबात नको: दुखणं झाकलं जातं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

मांड्या-पोटऱ्या दोन-तीन दिवस ठणकल्या तर काळजी नाही. नडगीच्या हाडावर मात्र बोटाने दाबल्यावर नेमकी एकच जागा दुखत असेल, तर इंटरव्हल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.