मराठी फाइलनावे आणि पाथच्या लांबीची मर्यादा

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत कार्यालयात हंगाम, गाव, शेतकऱ्याचे नाव आणि सौद्याची तारीख असे फोल्डर एकात एक रचलेले असतात. विंडोजवर ही रचना चालली, म्हणजे ती लिनक्सच्या सर्व्हरवरही जशीच्या तशी उतरेल असे नाही, कारण दोन्हीकडचे मोजमाप वेगळे आहे.

विंडोज मुख्यतः संपूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण पत्ता, मोजते. ड्राइव्हचे अक्षर आणि शेवटचे अदृश्य चिन्ह धरून मर्यादा २६० चिन्हांची. नवा फोल्डर तयार करताना तर ती २४८ वरच येते. लिनक्समध्ये पाथला ४,०९६ बाइट (साठवणुकीचे छोटे एकक) मिळतात, मात्र प्रत्येक नावाला २५५ बाइटच. मॅकओएसमध्ये पूर्ण पाथ १,०२४ बाइटपर्यंत चालतो.

मराठीची अडचण या बाइटांत आहे. ‘हिशेबपट्टी’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. परंतु वेलांटी, मात्रा आणि हलन्त स्वतंत्र धरल्यामुळे विंडोज त्यात १० चिन्हे मोजते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत अशा प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने लिनक्सवर त्याचे ३० बाइट होतात. म्हणजे निव्वळ देवनागरी नावात ८५ चिन्हेच मावतात. ‘दुरुस्तीनंतरची अंतिम प्रत’ अशी शेपटे त्यामुळे महाग पडतात.

उपाय करताना आधी नावे आखडावीत. गावाचे नाव फोल्डरला दिले असेल, तर ते फाइलच्या नावात पुन्हा लिहू नये. मूळ फोल्डर डेस्कटॉपवर न ठेवता थेट ड्राइव्हच्या मुळाशी ठेवावा. एवढ्याने बहुतेक काम भागते, आणि सेटिंग बदलण्यापेक्षा हाच मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

तरीही गरज पडली, तर विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यातील, ‘लाँग पाथ्स एनेबल्ड’ या नोंदीचे मूल्य १ करता येते. मात्र ही सवलत तिच्यासाठी सज्ज असलेल्या प्रोग्रामनाच मिळते. फाइल एक्सप्लोरर त्यानंतरही अडू शकतो. अशा फाइली हलवण्यासाठी विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरावी. लक्ष्य फोल्डर हुबेहूब स्रोतासारखा करणाऱ्या तिच्या मिरर पर्यायाने रिकामा फोल्डर अडलेल्या फोल्डरवर उतरवला, की आतील सर्व काही पुसले जाते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी स्रोत आणि लक्ष्य यांचा क्रम तपासावा आणि हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवावी.