टॉवेलच्या दांड्याला धरून उठू नका: बाथरूममधल्या या चुका टाळा

घरोघरी आजी-आजोबांचा आधार म्हणजे टॉवेलचा दांडा. तो ओला टॉवेल पेलण्यापुरता केलेला असतो: इंचभराचे स्क्रू आणि प्लास्टिकची गिट्टी, तीही कित्येकदा टाइलमागच्या सिमेंटमध्येच, विटेपर्यंत गेलेलीच नाही. कमोडवरून उठताना आजी सगळा भार त्यावर टाकतात, गिट्टी भुकटीसकट बाहेर येते, आणि दांडा हातात धरूनच त्या मागे कोसळतात. खुबा मोडल्यावर मग मिस्त्रीला बोलावणं जातं.

आधीच बोलवा. सव्वा इंच जाडीचा स्टीलचा ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा भक्कम दांडा, घ्या, दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रूंचा. टाइल वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर जागा बदला. टाइलला भोक पडेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर टाइल तडकते. पुढे विटेत दोन इंच तरी आत जायचं. उंची टेपने ठरवू नका. आजींना कमोडवर बसवा, उठताना हात जिथे जातो तिथे पेन्सिलची खूण करा. बार बसला की घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने तो ओढून पाहावा. भिंतीला नुसते चिकटणारे रबरी चकतीचे बार घेऊच नका. पाच मिनिटांत बसतात खरे, पण सुटतातही तसेच, न सांगता.

दुसरी चूक ॲसिडची. सोलापुरात बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार आणि साबण मिळून फरशीवर पांढरट, निसरडी साय धरते. ती काढायला ॲसिड ओतलं की टाइलच्या सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. शहाबादी तर चुनखडीचाच दगड, तो सरळ फसफसतो, खड्डे पडतात आणि त्यात घाण साचते. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही एकत्र कधीही नाही. आठवड्यातून एकदा गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ताठ ब्रश. रोज शेवटच्या आंघोळीनंतर वायपर. एवढं पुरतं.

जुना सोलापुरी टॉवेल पायपुसणं म्हणून टाकू नका, ओल्या टाइलवर तो पायाखालून सरकतो. खाली रबर असलेलंच घ्या.

नळाला रोज पाणी नसतं म्हणून पिंपं भरलेली असतात. त्यांना घट्ट झाकण हवं, आणि रिकामी बादली पालथी. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

पाणी तापवायच्या रॉडचं बटण बंद करा, पिन काढा, मगच पाण्यात बोट घाला. घराच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच. थंडीत खिडकी बंद होते, हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो, आणि दाराला आतून कडी. गीझर बाहेर मोकळ्यावर, आत फक्त गरम पाण्याचा पाइप, आणि दाराला बाहेरूनही उघडेल असं लॅच. हाक मारून उत्तर आलं नाही तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 लावा.