उभी राहणारी क्रोशेची कॉलर

साध्या कुर्त्यावर घालण्यासाठी मी पांढऱ्या सुती दोऱ्याची, मागे नाडीने बांधायची कॉलर विणली. पण ती खांद्यांवर पसरण्याऐवजी गळ्याभोवती चक्क पट्ट्यासारखी उभी राहिली. आधी मी दोऱ्यालाच दोष दिला. उसवताना मात्र लक्षात आले की सुरुवातीच्या १०० साखळ्यांवर (साखळी टाक्यांवर) मी चारही ओळींत १००च खांब, म्हणजे उंच टाके, घातले होते, म्हणजे बाहेरच्या कडेला पसरायला जागाच ठेवली नव्हती.

खांबाची एक ओळ साधारण १ सेंटिमीटर उंच होते आणि वर्तुळाची त्रिज्या तेवढी वाढली की परीघ ६ सेंटिमीटरांहून थोडा अधिक वाढतो. माझ्या विणीत त्याचे सुमारे १५ खांब होतात. म्हणून पहिल्या ओळीत दर सातव्या साखळीत दोन खांब घातले, आणि पुढच्या ओळींतही साधारण तेवढेच खांब वाढवले, फक्त जागा थोड्या सरकवल्या, कारण वाढ एकावर एक आली की कॉलरला कोपरे पडतात. सुरुवातीची साखळी २.५ऐवजी ३ मिलिमीटरच्या सुईने सैल घेतली.

शेवटी कॉलर ओली करून, टॉवेलवर टाचण्यांनी ताणून रात्रभर वाळवली. आता ती सपाट बसते. बाहेरच्या कडेचा डावीकडचा एक कंगोरा तेवढा किंचित मोठा झाला आहे, पण तो उसवायचा धीर मला झाला नाही.