गरोदरपण, वाढलेलं वजन आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल: या चुका टाळा

वजन जास्त असताना दिवस गेले की पहिल्या तपासणीपासूनच शुगर आणि बीपी हे दोन शब्द मागे लागतात. त्याच सुमारास कुणीतरी सांगतं, ‘प्रोबायोटिक सुरू कर, पोट साफ राहील, शुगरही वाढणार नाही.’ प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी मानले जाणारे जिवंत जंतू. त्यांची कॅप्सूल मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. दह्यातलेच तर जंतू, त्यांनी काय होणार, असं म्हणून ती सुरूही होते. बहुतेक चुका इथूनच होतात.

चूक पहिली: शुगर होऊ नये म्हणून कॅप्सूल घेणं

हा समज हवेतून आलेला नाही. फिनलंडमधल्या तुर्कू इथे झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आहाराचा सल्ला आणि प्रोबायोटिक दोन्ही मिळालेल्या गटात गरोदरपणातला मधुमेह १३ टक्के बायकांना झाला. नुसता आहाराचा सल्ला मिळालेल्या गटात हेच प्रमाण ३६ टक्के होतं. आकडे मोठे होते, बातमी पसरली. पण त्या अभ्यासातल्या बहुतेक बायकांचं वजन जास्त नव्हतं.

मग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला खास जास्त वजनाच्या आणि लठ्ठपणा असलेल्या ४११ गरोदर बायकांवर ‘स्प्रिंग’ ही चाचणी झाली. त्यात फिनलंडच्या अभ्यासातल्याच दोन जातींचे जंतू होते, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आणि बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस. विसाव्या आठवड्याच्या आत सुरू करून बाळंतपणापर्यंत ते रोज दिले. २०१९ मध्ये निकाल आला: प्रोबायोटिक घेतलेल्या गटात मधुमेह १८.४ टक्के, जंतू नसलेली, नुसती दिखाऊ कॅप्सूल घेतलेल्या गटात १२.३ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे ‘प्रोबायोटिकने मधुमेह होतो’ असं म्हणता येत नाही. पण ‘टळतो’ असंही म्हणता येत नाही, आणि कॅप्सूल विकली जाते ती त्याच आशेवर. आयर्लंड, डेन्मार्क आणि न्यूझीलंडमध्ये लठ्ठ गरोदर बायकांवर झालेल्या चाचण्यांमध्येही शुगरवर फायदा दिसला नाही.

तेव्हा कॅप्सूल चालू असली तरी शुगरची तपासणी चुकवू नका. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्याच भेटीत करायची आणि तेव्हा ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. ‘पहिली नॉर्मल आली होती’ म्हणून दुसरी टाळणं हीसुद्धा नेहमीची चूक.

चूक दुसरी: बीपीचा विचारच न करणं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि डब्यावर ते लिहिलेलं नसतं. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०२१ च्या आढाव्यात प्रोबायोटिक आणि गरोदरपणातला मधुमेह यांवरच्या सात चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांतल्या चार चाचण्यांमधल्या ९५५ बायकांच्या माहितीत प्रीएक्लाम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवर ताण येण्याचं प्रमाण प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये जास्त निघालं, सुमारे १.८५ पट. हा पुरावा आढाव्याने भक्कम मानला आहे.

लठ्ठपणात हा धोका मुळातच जास्त असतो. त्यात अशा गोळीची भर घालायची, जिचा शुगरला उपयोग सिद्ध झालेला नाही? आमचं मत स्पष्ट आहे: वजन जास्त असताना ‘असू दे, चांगलं असतं’ एवढ्यावर महिनोन्‌महिने प्रोबायोटिक घेऊ नये. ठरावीक कारणासाठी, ठरावीक दिवस आणि डॉक्टरांना सांगूनच घ्यावं.

घरी बीपी मोजत असाल तर पट्ट्याचं माप बघा. मशीनसोबत येणारा साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल आणि तोच पट्टा ओढूनताणून बांधला, तर आकडा खोटाच जास्त येतो. शिवणाच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजा आणि ३२ च्या पुढे असेल तर मोठा पट्टा मागवा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर आणि हात छातीच्या पातळीला ठेवून मोजा. १४०/९० किंवा जास्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० दिसलं तर फोनाफोनीत वेळ न घालवता दवाखान्यात जा.

चूक तिसरी: प्रत्येक त्रास ‘पित्ता’च्या खात्यात टाकणं

डोकं ठणकतंय, मळमळतंय, उलटी झाली, बरगड्यांखाली दुखतंय. आपल्या घरात यावर एकच उत्तर असतं: पित्त झालंय. मग थंड दूध, आमसुलाचं सरबत, पित्ताची गोळी, आणि हल्ली त्यात पोटासाठी प्रोबायोटिकची पुडी. वीस आठवड्यांनंतर हेच सगळं प्रीएक्लाम्पसियाचंही लक्षण असतं. उजवीकडे बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखणं यकृतावर आलेल्या ताणामुळे असू शकतं. गोळीने ते तासभर दबतं आणि तेवढा वेळ हातचा जातो.

अशा वेळी आधी बीपी मोजा. डोळ्यांपुढे चमकल्यासारखं किंवा धूसर दिसणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, अंगठी घट्ट होणं यातलं काही सोबत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. तळहात-तळपायांना रात्री जोराची खाज सुटणं हेही ‘उष्णता’ म्हणून सोडू नये. त्यासाठी रक्तातल्या पित्ताम्लांची आणि यकृताची तपासणी लागते.

चूक चौथी: पोट कशामुळे बिघडलं हे न शोधणं

गरोदरपणात आतड्यांची हालचाल मंदावते, हे प्रोजेस्टेरॉनमुळे होतंच. पण लठ्ठपणात सोबत गोळ्याही जास्त असतात आणि पोटाच्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा त्या गोळ्यांच्या डबीत सापडतं.

लोहाची लाल गोळी हे बद्धकोष्ठाचं नेहमीचं कारण. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. शौचाला काळं होणं हे लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. त्रास होतो म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टर प्रकार किंवा वेळ बदलून देतात. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत किमान दोन तास ठेवा. कॅल्शियम जेवणासोबत, लोह रात्री झोपताना, हे बहुतेकींना जमतं. थायरॉईडची गोळी असेल तर ती पहाटे रिकाम्या पोटी घ्या, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर.

पीसीओडी किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर गॅस, मुरडा आणि पातळ शौच त्याच्यामुळे असण्याची शक्यता मोठी. गोळी उपाशीपोटी घेताय का ते आधी बघा. जेवणाच्या मधोमध घेतली की फरक पडतो. तरी थांबलं नाही तर हळूहळू विरघळणारा प्रकार डॉक्टरांकडून मागून घ्या. यात प्रोबायोटिकची भर घालून काही साधत नाही.

काही कॅप्सूलमध्ये जंतूंसोबत त्यांचं खाद्य म्हणून इन्युलिन किंवा एफओएस घातलेलं असतं. गॅस कमी व्हावा म्हणून घेतलेल्या गोळीने पोट जास्तच फुगलं, तर डब्यावर ही नावं शोधा.

चूक पाचवी: ताटातलं सोडून डब्यातलं धरणं

आतड्यातले उपयोगी जंतू तंतुमय पदार्थांवर जगतात. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हवेत. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ५ ग्रॅम मिळतात. मोड आलेली मटकी किंवा मूग, एक पेरू, दोन वाट्या पालेभाजी किंवा शेंगभाजी एवढ्यावर हिशेब जमत येतो. मात्र पोळीवरून एकदम भाकरी, उसळ आणि कच्च्या कोशिंबिरीवर उडी मारली की पोट डब्ब होतं आणि ‘मला भाकरी सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तीन-चार दिवसांत एकच बदल करा आणि पाणी वाढवा. बद्धकोष्ठ राहिलंच तर एक-दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यातून, औषधांपासून दोन तास लांब. एरंडेल आणि सोनामुखीची चूर्णं गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

दही-ताकाबद्दलही गोंधळ असतो. घरचं दही उत्तम, पण त्यात कोणते जंतू किती आहेत हे विरजणागणिक बदलतं, त्यामुळे औषधाच्या मात्रेशी त्याची बरोबरी करता येत नाही. कढी उकळली की जंतू मेले. प्रथिनं-कॅल्शियम मिळतं तेवढंच. सोलकढी आंबट असते, आंबवलेली नसते. दूध उकळून मगच विरजण लावा, कच्च्या दुधाचं दही गरोदरपणात नको. आणि प्रोबायोटिक पेयाची छोटी बाटली घेताना ‘ॲडेड शुगर’ची ओळ आधी वाचा, शुगरचा धोका असलेल्या बाईने रोज गोड पेय प्यायचं, तेही आरोग्याच्या नावाखाली, यात अर्थ नाही. वाटीभर ताजं ताक, बेतानं मीठ, चिमूटभर जिरेपूड पुरे.

डॉक्टरांनीच लिहून दिलं असेल तर

डॉक्टर प्रोबायोटिक देतात ते सहसा अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी असतं, आणि लघवीच्या इन्फेक्शनसाठी गरोदरपणात अँटिबायोटिक लागतंच. जिवाणूंची कॅप्सूल असेल तर अँटिबायोटिकनंतर दोन तासांनी घ्या, नाहीतर ते औषध या जंतूंनाही मारतं. सॅकरोमायसिस बोलार्डी ही यीस्ट आहे, तिच्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. पण बुरशीच्या इन्फेक्शनची तोंडाने घ्यायची गोळी चालू असेल तर ती यीस्ट मरते. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ते आधी सांगा.

डब्यावर जंतूचं पूर्ण नाव हवं, शेवटच्या जातीच्या खुणेसकट. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिणं म्हणजे आंब्याच्या पेटीवर नुसतं ‘फळ’ लिहिण्यासारखं. संख्या एक्स्पायरीपर्यंतची आहे की बनवतानाची, तेही बघा. फ्रीजमध्ये ठेवायची कॅप्सूल मे महिन्यात कुरिअरने दोन दिवस फिरून नागपूर-अकोल्याला पोचली, तर तिच्यात किती जंतू जिवंत राहतील? अशी वस्तू जवळच्या मेडिकलमधून, त्यांच्या फ्रीजमधूनच घ्या.

दोन-तीन महिने आधीच कॅप्सूल घेत असाल तर धास्ती घेऊ नका. ती हळूहळू कमी करावी लागत नाही, एकदम थांबवता येते. डबा पुढच्या तपासणीला सोबत न्या, कधीपासून घेतलं ते फाईलवर लिहून घ्या आणि त्या भेटीत बीपी मोठ्या पट्ट्याने मोजायला आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगा. प्रीएक्लाम्पसिया टाळण्यासाठी कमी मात्रेचं ॲस्पिरिन तुम्हाला लागू आहे का, हेही तेव्हाच विचारा. ते साधारण बाराव्या आठवड्यापासून आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात, त्यामुळे हा प्रश्न पहिल्या तीन महिन्यांतच विचारलेला बरा.